घोडा कुणाचा? शिलेदार, बारगीर आणि युरोपातले नाइट



आजचा विषय मध्ययुगातले घोडेस्वार आणि समाजातले वर्ग असा आहे. नाव जरा जड आहे, म्हणून आपण एका हलक्या प्रश्नापासून सुरुवात करू. निवडणुका जवळ आल्या की वर्तमानपत्रांत एक शब्द हमखास दिसू लागतो, 'शिलेदार'. अमुक नेत्याचा निष्ठावंत शिलेदार, तमुक साहेबांचे विश्वासू शिलेदार. शब्दाला एक झळाळी आहे. शिलेदार म्हटलं की धन्यासाठी जीव देणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. याच शब्दाचा एक जुळा भाऊ होता, 'बारगीर'. तो आज कुणी कुणाला लावत नाही. घरी जाऊन नातवंडांना विचारा, निम्म्यांना तो शब्दच माहीत नसेल.

आता गंमत बघा. सतराव्या शतकातल्या मराठी फौजेत शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला आलेला स्वार. 'सिलाह' म्हणजे हत्यार, ते बाळगणारा तो सिलाहदार, आपल्या तोंडी शिलेदार. बारगीर म्हणजे ज्याला घोडा सरकारातून मिळाला आहे असा स्वार. 'बार' म्हणजे ओझे. मूळ फारसी शब्दाचा अर्थ ओझे वाहणारा, म्हणजे चक्क ओझ्याचे जनावर. आपल्याकडे तो दुसऱ्याच्या घोड्यावर बसणाऱ्या माणसाला चिकटला. या दोघांपैकी धन्याला भरवसा कुणाचा वाटावा? ज्याचा घोडा स्वतःचा आहे, तो न पटल्यास उद्या लगाम फिरवून दुसऱ्याच्या छावणीत जाऊ शकतो. ज्याचा घोडा सरकारी आहे, तो कुठे जाणार? तेव्हाच्या राज्यकर्त्याच्या डोळ्यांनी पाहिले तर निष्ठेची खात्री बारगिराची होती आणि चिंता शिलेदाराची. आज आपण नेमके उलट बोलतो.

हे उलटे कसे झाले, ते आज पाहायचे आहे. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवले, इतिहास हा आमचा पेशा नाही. पण एखाद्या शब्दाचा अर्थ फिरतो तेव्हा त्यामागे समाजाचा विचारही फिरलेला असतो, आणि तिथे तत्त्वज्ञानाच्या माणसाला लक्ष घालावेच लागते.

घोडा आणि सत्ता

हा प्रश्न पहिल्यांदा नीट मांडला तो ॲरिस्टॉटलने. 'पॉलिटिक्स' या ग्रंथात तो सांगतो की घोडे पाळणे श्रीमंतांनाच परवडते. म्हणून ज्या ग्रीक नगरराज्यांचे बळ घोडदळात होते, तिथे सत्ता मूठभरांच्या हाती राहिली. जिथे हलक्या पायदळाचा आणि आरमाराचा जोर, तिथे सामान्य लोकांचा आवाज मोठा. म्हणजे राज्यघटना कशी असेल हे लढाई कशावर बसून होते यावर बरेचसे ठरते. त्याच्याही आधी अथेन्समध्ये सोलोनने उत्पन्नावरून नागरिकांचे चार वर्ग पाडले, त्यात दुसऱ्या वर्गाचे नावच मुळी 'घोडेवाले' असे होते.

कारण अगदी साधे आहे. घोडा रोज खातो, लढाई असो वा नसो. त्याला चंदी लागते, वैरण लागते, खरारा करणारा माणूस लागतो, नाल ठोकणारा लागतो. आजारी पडला तर तो महिनाभर उभा राहणार आणि खाणार. कुणब्याच्या घरी बैल असतो, तो शेतात राबून स्वतःचे पोट काढतो. लढाईचा घोडा असे काही करत नाही. घोडा बाळगायचा म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी श्रमाचे फळ आपल्याकडे नेमाने यायला हवे. घोड्यावरचा माणूस उंच दिसतो, पण त्याच्या खाली नुसता घोडा नसतो, घोड्याच्या खाली दहा शेतकरी असतात.

युरोपातला नाइट

युरोपात या घोडेस्वाराला प्रत्येक भाषेत घोड्यावरूनच नाव मिळाले. जर्मन 'रिटर' म्हणजे स्वार. फ्रेंच 'शेव्हालिए' आणि स्पॅनिश 'काबायेरो' हे दोन्ही घोड्याच्या शब्दावरून आलेले. इंग्रजी 'नाइट' तेवढा वेगळा. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता पोरगा, चाकर. धन्याच्या पदरी असलेला पोऱ्या चढत चढत खानदानी सरदार झाला. आपल्याकडे याच्या उलट प्रवास केलेला शब्द आहे, 'राऊत'. मूळ राजपुत्र, तिथून राऊत म्हणजे घोडेस्वार, आणि आज आपल्या विदर्भात राऊत आडनावाचे लोक शेतीपासून शाळेपर्यंत सगळीकडे भेटतात. एक शब्द चाकराचा सरदार झाला, दुसरा राजपुत्राचा शेजारी झाला. दोन्हींचा रस्ता मात्र घोड्याच्या पाठीवरून गेला.

नाइटचा खर्च निघायचा जमिनीतून. राजा किंवा मोठा सरदार त्याला जमीन देई, तिच्यावर राबणाऱ्या कुळांच्या उत्पन्नातून तो घोडा, चिलखत, हत्यारे सांभाळी आणि बोलावणे आले की हजर होई. ही झाली पुस्तकातली रीत. प्रत्यक्षात सगळे नाइट जमीनदार नव्हते. कितीतरी जण धन्याच्या वाड्यात राहत, त्याच्या पंगतीला जेवत आणि त्यानेच दिलेल्या घोड्यावर बसत. जर्मनीत तर अकराव्या ते तेराव्या शतकात 'मिनिस्टेरियाले' नावाचा एक वर्ग होता. हे लोक घोड्यावर बसत, किल्ले सांभाळत, कारभार पाहत, आणि कायद्याने मात्र ते परतंत्र होते. धन्याच्या परवानगीशिवाय लग्नही करता येत नसे. स्वतंत्र सरदारांपेक्षा हे बांधलेले लोक बरे, असा राजांचा आणि बिशपांचा हिशेब होता. म्हणजे बारगीर ही काही केवळ आपल्याकडची कल्पना नाही. तिकडेही होती, नाव वेगळे होते.

पुढे काय झाले? हे मिनिस्टेरियाले पिढ्यान्पिढ्या घोड्यावर राहिले आणि हळूहळू खालच्या दर्जाच्या खानदानी वर्गात मिसळून गेले. घोड्यावर बसण्याची सवय तीन-चार पिढ्या टिकली की लोक विसरतात घोडा कुणाचा होता.

भाल्यांचा खेळ

आता सिनेमात दिसणारा तो प्रसंग. दोन चिलखती स्वार, मधे लाकडी कठडा, हातात लांब भाले, आणि समोरासमोर धडक. इंग्रजीत त्याला जाउस्ट म्हणतात. हा प्रकार त्या मानाने उशिराचा. बाराव्या शतकात जी स्पर्धा चाले ती म्हणजे मोकळ्या रानात दोन टोळ्यांची खोटी लढाई. खोटी म्हणायची, माणसे खरी मरत. चर्चने ११३० मध्ये तिच्यावर बंदी घातली आणि तिच्यात मेलेल्याला चर्चच्या भूमीत मूठमाती मिळणार नाही असे जाहीर केले. लोक खेळतच राहिले.

का खेळत राहिले? कारण त्यात पैसा होता. हरलेल्याला पकडायचे, त्याचा घोडा आणि चिलखत घ्यायचे, नाहीतर खंडणी घेऊन सोडायचे. विल्यम मार्शल नावाचा एक इंग्रज नाइट घ्या. बेताच्या सरदाराचा चौथा मुलगा, वाट्याला जमीन नाही. त्याने या स्पर्धांवरच नाव आणि पैसा कमावला. आपण पाचशे नाइट पकडले असा त्याचा हिशेब होता. १२१६ मध्ये बालराजाच्या वतीने इंग्लंडचा कारभार त्याच्या हाती आला. जमीन नसलेल्या माणसाला वर चढायला ही एक शिडी होती.

मग शिडी असली की तिच्या पायरीवर कुणीतरी जकात बसवतोच. ११९४ मध्ये रिचर्ड राजाने इंग्लंडात या स्पर्धांना परवाना पद्धत लावली. अर्लला वीस मार्क, बॅरनला दहा, जमीन असलेल्या नाइटला चार आणि बिनजमिनीच्या नाइटला दोन. समाजाची उतरंडच दरपत्रकात लिहून ठेवली. आणि यादी दोन मार्कांवर संपते हे ध्यानात घ्या. त्याच्या खालचा माणूस मैदानात उतरूच शकत नव्हता, म्हणून त्याच्यासाठी दर नव्हता.

पुढे लढाईतला नाइटचा उपयोग कमी होत गेला. १३४६ साली क्रेसीला आणि १४१५ साली ॲजिनकोर्टला फ्रेंच घोडेस्वारांचा धुव्वा उडवण्यात साध्या इंग्रज धनुर्धाऱ्यांचा मोठा वाटा होता. पायी उभ्या राहिलेल्या माणसाने घोड्यावरच्याला खाली आणले. मग खेळ बंद झाला का? नाही ना! तो जास्त झगमगीत झाला आणि जास्त बंदिस्त झाला. पंधराव्या शतकाच्या अखेरीस जर्मन मुलखात या खेळात उतरायचे तर आजी-आजोबा चारही खानदानी असल्याचे सिद्ध करावे लागे, आणि शहरात व्यापार करणाऱ्याला मज्जाव होता. लढाईत जे महत्त्व उरले नाही ते खेळात जपून ठेवले. १५५९ मध्ये फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री अशाच एका खेळात भाल्याची ढलपी लागून मेला. यातून आम्ही एक अनुमान काढतो. एखाद्या वर्गाचे काम संपत आले की तो वर्ग आपल्या वंशावळीबद्दल जास्त बोलू लागतो.

आपल्याकडची बोथाटी

'असा खेळ आपल्याकडे होता का?' असा प्रश्न इथे मनात येणारच. होता. त्याचे नाव बोथाटी. लांब काठी, टोकाला भाल्याच्या पात्याऐवजी गोळा, म्हणजे बोथट भाला. घोड्यावर बसून एकमेकांवर चाल करायची, समोरच्याचा वार चुकवायचा, आपला लावायचा. नावातच बोथटपणा आहे. भालाफेकीची, वार चुकवण्याची आणि घोडा वळवण्याची ती तालीम होती.

दोन्हीकडच्या घोड्यांत मात्र फरक होता. चिलखती नाइटला पेलणारा घोडा धिप्पाड आणि महाग. आपल्याकडचा सामान्य स्वार बसे तो भीमा-नीरेच्या खोऱ्यातल्या तट्टावर. भीमथडीचे तट्टू म्हणजे लहान चणीचे, काटक, मिळेल त्या गवतावर चालणारे, डोंगर चढणारे. स्वाराच्या अंगावर फार लोखंड नाही, भाकरी पडशीत, भाला हातात. घोडा स्वस्त म्हणजे घोड्यावर चढण्याची पायरी खाली. युरोपात जे दहा गावांच्या उत्पन्नावर जमे ते इथे एखाद्या बऱ्या पाटलाच्या घराला जमू शके. म्हणून वर्गाची रेघ इथे खेळाच्या मैदानावर न आखली जाता तबेल्यात आखली गेली. प्रश्न एवढाच, घोडा कुणाचा?

पागा

शिवाजी महाराजांच्या फौजेची रचना आपल्याला मुख्यतः कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीतून कळते. राजाराम महाराजांच्या काळात, १६९० च्या दशकात, जिंजीला ती लिहिली गेली. तिच्यात पागेचा हिशेब असा आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. पाच हवालदारांचा एक जुमला, त्यावर जुमलेदार. दहा जुमल्यांवर हजारी. पाच हजाऱ्यांवर पंचहजारी आणि सर्वांवर सरनोबत. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखाली पाण्यासाठी आणि एक नालबंद. जुमलेदाराला सालाना पाचशे होन, हजारीला हजार, पंचहजारीला दोन हजार. पगार शक्यतो रोखीने, जमीन तोडून नाही. पावसाळ्यात फौजेने छावणीला यायचे, तिथे दाणावैरण आणि घोड्यांना पागा तयार. दसऱ्याला बाहेर पडायचे. परतताना प्रत्येकाजवळच्या चीजवस्तूची झडती, लुटीचा हिशेब सरकारात.

या सगळ्यात शिलेदारांना काढून टाकले होते असे नाही. महाराजांच्या अखेरीस पागेचे स्वार पंचेचाळीस हजार आणि शिलेदार साठ हजार असा बखरीतला आकडा आहे. आकडे अंदाज म्हणूनच घ्यायचे, पण त्यातून एवढे दिसते की शिलेदार संख्येने कमी नव्हते. रचना अशी होती की पागेचे बळ भारी ठेवायचे आणि शिलेदारांना पागेच्या हुकमतीखाली ठेवायचे. बखरकार कारणही सांगतो, कुणालाही बंड करण्याइतके स्वतंत्र ठेवले नाही.

ही व्यवस्था म्हणजे नुसता लष्करी बंदोबस्त नव्हे. तिच्यात तीन गोष्टी एकदम साधतात, सावकाश बघू.

पहिली, घोडा नसलेल्याला घोडा मिळतो. ज्याच्याकडे अंगात बळ आणि बसायची हिंमत एवढेच आहे, तो स्वार होऊ शकतो. ॲरिस्टॉटलची अडचण इथे सुटते. घोडा श्रीमंतालाच परवडतो ना? मग तो राज्यानेच पाळावा.

दुसरी, लढण्याची रीत बदलते. शिलेदाराचा घोडा मेला तर त्याची पुंजी मेली. विल्यम आयर्विन या अभ्यासकाने मुघल फौजेवर १९०३ साली पुस्तक लिहिले, त्यात नेमके हेच निरीक्षण आहे. स्वाराला स्वतःच्या जिवापेक्षा घोड्याची काळजी, कारण घोडा गेला की तो देशोधडीला लागला, म्हणून धडक मारताना हात आखडता. बारगिराला हे भय नाही.

तिसरी गोष्ट रयतेची. घोडा राज्याचा, चंदी राज्याची, पगार राज्याचा, तर वाटेतल्या शेतकऱ्याच्या गंजीला हात लावायचे कारण उरत नाही. महाराजांचे चिपळूणजवळच्या लष्करी तळाला लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी ठेवलेला दाणागोटा आधीच संपवाल, मग कुणब्याच्या घरचे ओरबाडाल, तर लोक म्हणतील यांच्यापेक्षा मोगल बरे, असा त्यातला आशय. रात्री दिव्याची वात उंदीर ओढून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील, इथपर्यंत बारीक सूचना आहेत. घोडा कुणाचा या प्रश्नाचे उत्तर नीट दिले तर गवत कुणाचे हा प्रश्नही सुटतो, हे त्या पत्रामागचे सूत्र आहे.

पागेच्या बाहेरचे

पण कुठलीही रचना सगळ्यांना वर घेत नाही. फौजेतल्या चाकरीने अनेक कुणबी घराण्यांची प्रतिष्ठा वाढली, मराठा हे नाव धारण करणाऱ्यांचा वर्ग या चाकरीतून आणि वतनांतून घडत गेला, असे स्ट्यूअर्ट गॉर्डन यांच्यासारख्या इतिहासकारांनी मांडले आहे. पण गडांच्या खालच्या घेऱ्यात, रानात, रात्री-अपरात्री राखण करणारे जे होते, रामोशी, महार, मांग, बेरड, त्यांच्याशिवाय गड टिकत नव्हता आणि मानाची रेघ त्यांच्या अलीकडेच थांबत होती. शिलेदार आणि बारगीर यांच्यातला फरक हा घोड्यावर बसलेल्यांतला फरक झाला. जो पायीच उभा आहे त्याचा प्रश्न निराळा. तो पुढे १ जानेवारी १८१८ ला कोरेगावी दिसतो. तिथे पेशव्यांच्या मोठ्या घोडदळासमोर दिवसभर टिकून राहिलेल्या कंपनीच्या पायदळात महार शिपाई मोठ्या संख्येने होते. क्रेसीच्या धनुर्धाऱ्याची आठवण होते, हो की नाही?

नागपूर आणि बंगाल

आता आपल्या गावाकडे येऊ. महाराजांनंतर, राजाराम महाराजांच्या काळात मोगलांशी झुंजताना तिजोरी रिकामी होती. रोख पगार देणे अशक्य, तेव्हा सरदारांना सरंजाम द्यावे लागले. मुलूख तुमचा, त्यावर फौज तुम्ही पोसा. सरंजाम हयातीपुरता असतो असे कागद म्हणे, पण व्यवहारात तो बापाकडून मुलाकडे जाऊ लागला. १७१५ च्या सुमाराच्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी वतनदार म्हणजे राज्याचे वाटेकरीच असतात असा इशारा दिला आहे, तो याच काळातला.

नागपूरकर भोसले हे याच व्यवस्थेतले बलाढ्य घराणे. सेनासाहेबसुभा हा त्यांचा किताब. बख्त बुलंद शहाने १७०२ च्या सुमारास वसवलेले हे शहर पहिल्या रघुजींच्या हाती आले आणि महालातून वऱ्हाड, छत्तीसगड, ओडिशापर्यंतच्या मोहिमा आखल्या जाऊ लागल्या. १७४२ पासून त्यांच्या फौजा बंगालवर उतरल्या. भास्करराम कोल्हटकर हे रघुजींचे दिवाण पुढे होते. १७४४ मध्ये नवाब अलिवर्दीखानाने त्यांना भेटीला बोलावून मारले. स्वाऱ्या थांबल्या नाहीत. कलकत्त्यात इंग्रजांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला, त्याचे नावच मराठा खंदक पडले. अखेर १७५१ मध्ये तह झाला, ओडिशाचा महसूल भोसल्यांकडे आणि बंगालची चौथाई म्हणून सालाना बारा लाख रुपये ठरले.

आपल्या पाठ्यपुस्तकात इथे धडा संपतो. बंगालच्या पाठ्यपुस्तकात इथे सुरू होतो. गंगाराम नावाच्या कवीने त्याच सुमारास 'महाराष्ट्र पुराण' नावाचे बंगाली काव्य लिहिले, त्यात जळलेली गावे आहेत, पळणारी माणसे आहेत, बायकांवरचे अत्याचार आहेत. आणि त्या फौजेला नाव काय? 'बर्गी'. म्हणजे आपला बारगीर! दख्खनी हलक्या घोडदळाला बर्गी म्हणण्याची रीत आधीपासून होती, मलिक अंबरच्या स्वारांनाही मोगल हेच नाव देत. बंगालमध्ये ते नाव कायमचे रुतले. तिथे आजही लहान लेकरांना झोपवताना बर्गी येतील अशी भीती घालणारे अंगाईगीत म्हटले जाते. महालातून निघालेल्या स्वारांची आठवण तिकडे पाळण्याच्या दोरीत आहे, हे नागपूरकरांनी माहीत करून घ्यायलाच हवे.

आता प्रश्न असा, तोच बारगीर चिपळूणला गवताच्या गंजीला हात लावायला कचरतो आणि बंगालमध्ये गाव जाळतो, हे कसे? माणूस बदलला का? आमचे उत्तर असे की घोडा कुणाचा याचे उत्तर बदलले. चिपळूणच्या बारगिराचा घोडा ज्या राज्याचा होता, त्या राज्याचीच ती रयत होती. बंगालमध्ये घोडा सरदाराचा, मोहीम आपला खर्च आपणच काढणारी, आणि समोरची रयत कुणाचीच नाही, निदान आपली नाही. दुसऱ्याच्या घोड्यावर बसलेला माणूस घोड्याच्या मालकाइतकाच चांगला किंवा वाईट वागू शकतो. बारगिराची निष्ठा हा गुण खरा, पण ती निष्ठा कुठे नेईल हे त्याच्या हाती नसते.

शब्द का उलटला

म्हणून मूळ प्रश्नाकडे येऊ. शिलेदार हा शब्द गौरवाचा का झाला?

आम्हाला वाटते, यात लोकांनी एक खोल गोष्ट ओळखली. ज्याला जायला दुसरी वाट नाही त्याच्या राहण्याला निष्ठा म्हणत नाहीत. खुंट्याला बांधलेली गाय पळाली नाही म्हणून तिचे कौतुक कुणी करत नाही. ज्याचा घोडा स्वतःचा आहे, जो आज सोडून जाऊ शकतो आणि तरी जात नाही, त्याच्या राहण्याला किंमत. राज्यकर्त्याने बारगीर पसंत केला, कारण त्याला खात्री हवी होती. भाषेने शिलेदार पसंत केला, कारण तिला गुण हवा होता. खात्री आणि गुण या दोन निराळ्या वस्तू आहेत. राज्य चालवायला पहिली लागते, माणूस ओळखायला दुसरा.

पण भाषेच्या या निवडीत एक लबाडीही आहे, तीही सांगितली पाहिजे. शिलेदाराचा गौरव करताना आपण विसरतो की घोडा विकत घेण्याची ऐपत सगळ्यांना नव्हती. सोडून जाण्याचे स्वातंत्र्य ज्याला परवडते त्यालाच निष्ठावान म्हणवून घेण्याची संधी मिळते. म्हणजे गुणसुद्धा ऐपतीवर मोजला गेला. रिचर्डच्या दरपत्रकाहून हे फारसे वेगळे नाही.

आणि ज्याला घोड्यावर बसूच दिले नाही, त्याचे काय? हा प्रश्न जुना झालेला नाही. लग्नाच्या दिवशी नवरदेव घोड्यावर बसतो. एक दिवसाचा राजा! घोडा भाड्याचा, त्यामुळे त्या दिवशी सगळेच नवरदेव बारगीर असतात. तरीसुद्धा देशातल्या काही भागांतून अजूनही बातम्या येतात, दलित नवरदेव घोड्यावर बसला म्हणून वरात अडवली, दगड मारले, पोलीस बंदोबस्तात मिरवणूक काढावी लागली. घोड्याचा लढाईतला उपयोग केव्हाच संपला. चिलखते संग्रहालयात गेली. तरी घोड्याच्या पाठीवरची ती वीतभर जागा कुणाची, हे काहींना अजून ठरवायचे असते. काम संपलेला वर्ग वंशावळ घट्ट धरतो, असे मघाशी म्हटले ते युरोपापुरते नव्हते.

प्रश्नोत्तरे

वेळ थोडा आहे, दोन प्रश्न घेऊ.

एका ताईंनी विचारले आहे की इंग्रजांनी ही पद्धत मोडली का. मोडली नाही, उचलली. कंपनीच्या आणि पुढे राणीच्या हिंदी घोडदळात 'सिल्लादार' पलटणी होत्या. भरती होणारा स्वार ठरावीक रक्कम पलटणीत जमा करी, त्यातून त्याचा घोडा आणि सरंजाम उभा राही. सरकारचा खर्च वाचे आणि जरा खातापिता घरचा तरुण भरतीला येई. पहिल्या महायुद्धात समुद्रापार घोडे भराभर मरू लागले तेव्हा हा हिशेब कोलमडला आणि युद्धानंतर ती पद्धत बंद झाली. म्हणजे शिलेदार अगदी विसाव्या शतकापर्यंत नोकरीत होता म्हणा ना.

दुसरा प्रश्न मागच्या रांगेतल्या एका तरुणाचा आहे. तो विचारतो, 'सर, आजचा बारगीर कोण?' प्रश्न चांगला आहे. तू रोज संध्याकाळी सीताबर्डीच्या चौकात पाहतोस, पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन जेवणाचे डबे पोचवणारी मुले. गाडी त्यांची, पेट्रोल त्यांचे, मोबाइल त्यांचा. गाडी बिघडली तर त्या दिवसाची कमाई गेली. हे झाले शिलेदाराचे ओझे. हुकूम मात्र मोबाइलवर येतो आणि तो बारगिरासारखा पाळायचा. शिलेदाराला निदान लगाम फिरवता येत असे आणि बारगिराला निदान पावसाळ्यात पागेत चंदी मिळत असे. या मुलांकडे दोन्हींतले काय आहे, ते तूच मोजून बघ. पुढच्या वेळी येशील तेव्हा सांग, आपण त्यावरच बोलू.